अळणी चषक

आमच्या दोड्डप्पांना बीपी निघाला, त्या दिवसापासून सगळ्या मंगळवार पेठेला बीपी झाला.

दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, महालिंग. आमचं मूळ गाव गडहिंग्लजच्याही पुढं, कर्नाटकाच्या कुंपणाला लागून. त्यामुळं घरात आईला अव्वा आणि थोरल्या चुलत्याला दोड्डप्पा म्हणतात. पेठेत त्यांचं चाळीस वर्षांचं किराणा दुकान आहे. त्यांनी लग्न केलं नाही. पेठेतल्या बायकांवर त्यांनी केलेला हा एकमेव उपकार, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही.

जानेवारीत एका दुपारी गुळाची ढेप उचलताना ते गपकन खाली बसले. दवाखान्यात वरचा आकडा एकशे नव्वद निघाला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं, तुम्ही मीठ कमी करा. चार शब्दांचं वाक्य. त्यातले ‘तुम्ही’ आणि ‘कमी’ हे दोन शब्द दोड्डप्पांनी दवाखान्याच्या पायरीवरच सोडले. गोळी लिहिलेल्या कागदात दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला वेलदोडे बांधून दिले.

“आजपासनं ह्या घरात मीठ बंद,” त्यांनी जाहीर केलं.

“सगळ्यांचं?” अव्वानं विचारलं.

“मग? एका चुलीवर दोन आमट्या शिजत न्हाईत आपल्यात.”

हा आमच्या घराचा कायदा. थोरला माणूस जे खातो तेच सगळ्यांच्या ताटात. आमच्या आजोबांचे दात पडले तेव्हा सगळ्या घरानं दोन वर्षं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली होती. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि त्यांचे दात शाबूत होते. आता ते गडहिंग्लजला नोकरीला असतात. शनिवारी येतात, रविवारी जातात, मधे बोलत नाहीत. मला वाटतं, अजून चावतच असावेत.

मग दुकान. मिठाचं पोतं कुठल्याही किराणा दुकानात बाहेर फळीवर असतं, कारण चोरसुद्धा मिठाला हात लावत नाही. दोड्डप्पांनी ते आत नेऊन उंदराच्या औषधाशेजारी ठेवलं. कुणी मीठ मागितलं की ते चष्मा वर करून विचारायचे, “कशाला पायजे?” गिऱ्हाईक म्हणायचं, “खायाला.” दोड्डप्पा मान हलवत मीठ तोलायचे, जणू गिऱ्हाइकाच्या घरी पुढच्या आठवड्यात भेटायला जायचंच आहे, पांढऱ्या कपड्यात.

मला विचाराल तर यात आरोग्याचा काही संबंध नव्हता. एकट्यानं अळणी जेवायची त्यांना लाज वाटत होती. आजारी माणूस एक असला की तो आजारी असतो. पाचशे असले की ती चळवळ होते.

आणि कोल्हापुरात चळवळ आठ दिवस टिकली की तिची स्पर्धा होते. विजयसिंह हे आमच्या पेठेतले भावी नगरसेवक. गेली चौदा वर्षं ते भावीच आहेत. त्यांनी ‘अळणी चषक’ जाहीर केला. दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांचा बीपी मोजायचा, आकडे फळ्यावर लिहायचे आणि शेवटी ज्याचा वरचा आकडा सगळ्यांत कमी, त्याला चांदीचा मुलामा दिलेली गदा. चषक म्हटल्यावर कप का नाही, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं तिरडी सोडून कशालाही गदा चालते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्नही कुणी विचारला नाही, तो म्हणजे कमी म्हणजे किती कमी. पण या लोकांनी जन्मभर कुस्त्या बघितल्या. समोरच्याला किती खाली घालायचं, असं आखाड्यात कुणी विचारतं का? पाठ टेकेपर्यंत. बीपीचंही तेच धरलं. कुस्त्यांची कॉमेंट्री करणारा पिराजी माईकवर, शेजारी हलगी.

“एकशे पन्नासवरनं एकशे चव्वेचाळीस! काय उतरवलाय, काय उतरवलाय! वाजवा रं!”

पेठेत मीठ नसलेला तांबडा रस्सा शिजू लागला. आम्ही मटण खात नाही, पण शेजारच्या घरात तो रस्सा खाणाऱ्याचं तोंड मी गॅलरीतनं बघितलं आहे. बोकडाबद्दल इतकं दुःख बोकडाच्या आईलाही झालं नसेल.

इथंवर सगळं हसण्यावारी होतं. पण घरात माझी धाकटी बहीण होती.

सौंदर्या पोलीस भरतीची तयारी करत होती. लेखी पुढं, आधी मैदान: आठशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक. तीन मार्चला, सोमवारी, सकाळी तिचा नंबर होता. दोन वर्षं ती रोज पहाटे उठून पळत होती आणि खाण्याच्या बाबतीत घरात सगळ्यांत शहाणी तीच. मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, फळं, ताक, आणि मोबाईलवरच्या कुठल्याशा बाईनं सांगितल्याप्रमाणं दिवसाला पाच लिटर पाणी. वडापावकडं ती गुन्हेगाराकडं बघावं तसं बघायची. सराव चालू होता.

तिचा बीपी जन्मापासून अदबशीर. शंभर-एकशे पाच. कुणासमोर आवाज चढवायचा नाही. घरातलं मीठ गेलं तसा तो आणखी नमला. पहिल्या रविवारी अठ्ठ्याण्णव, दुसऱ्या रविवारी ब्याण्णव, तिसऱ्या रविवारी अठ्ठ्याऐंशी. ती स्पर्धेत पहिली आली. सत्कारासाठी उभी राहिली तर डोळ्यापुढं अंधारी आली, म्हणून तिला खुर्चीत बसवून शाल घातली. हॉलमध्ये दोनशे माणसं होती. कुणालाही काही चुकतंय असं वाटलं नाही. दोड्डप्पांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

चार दिवसांनी मैदानावर सरावात, दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती आडवी झाली.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कास्टिंग तपासायला आहे. फोन आल्यावर तसाच मोटरसायकलवर सुटलो आणि तिला राजारामपुरीतल्या डॉक्टर स्नेहल यांच्याकडं नेलं. बाईंनी आडवं असताना बीपी घेतला, मग उभं करून घेतला. उभं केल्यावर शहाऐंशी.

“जेवतेस काय?”

सौंदर्यानं सगळं सांगितलं.

“वा, छान. आणि मीठ?”

“घरात बंद हाय.”

“कुणी केलं बंद?”

“दोड्डप्पांनी. आमचे मोठे काका.”

“त्यांचा बीपी किती?”

“एकशे नव्वद.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे पाय त्यांचा मोडला आणि प्लास्टर सगळ्या घराला?”

मी म्हटलं, “घराला न्हाई, पेठेला.”

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन चांगलं, साखर चांगली, हृदयाची पट्टी चांगली. सोडियम कमी. बाईंनी समजावून सांगितलं: रोज घामातनं मीठ जातंय, वर पाच लिटर पाणी, आणि आत मिठाचा कण नाही. जे आहे तेही धुऊन चाललंय.

“तू खातेस ते सगळं चालू ठेव,” त्या म्हणाल्या. “भाजी, डाळ, भाकरी, फळं, काही सोडू नकोस. फक्त चार माणसं घालतात तसं त्यात मीठ घाल. ताकात घाल. पळायच्या आधी आणि नंतर लिंबू-साखर-मिठाचं पाणी. पाणी तहानेपुरतं. थोडं थोडं, चार वेळा खा. झोपून एकदम उठायचं नाही. आणि मीठ हवं म्हणून चिप्स, फरसाण सुरू करायचं नाही, कळलं? मीठ सांगितलंय, कचरा नाही.”

“किती दिवस लागतील?” सौंदर्यानं विचारलं. “तीन तारखेला मैदान हाय.”

“आजपासून नीट केलंस तर पुरेल. पण रोज. आणि हे फक्त तुझ्यापुरतं. काकांना यातलं काही द्यायचं नाही. ते गोळी घेतात ना?”

मी वेलदोड्यांचं सांगितलं. बाईंनी कागदावर ‘काकांना घेऊन या’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

घरी येऊन आम्ही दोघं दोड्डप्पांसमोर उभे राहिलो.

“डॉक्टरीणबाईंनी सौंदर्याला मीठ खायला सांगितलंय.”

“कुठल्या?”

“राजारामपुरीतल्या.”

“मग बरोबर. त्यांच्या पेठेतला एकबी दीडशेच्या खाली न्हाई. जळत्यात आपल्यावर.”

“दोड्डप्पा, तिचा बीपी लो हाय.”

“लो हाय म्हणूनच पयली हाय की!”

“ती पडली आज मैदानावर.”

“पैलवान पडत न्हाई व्हय? पडतोय, माती झटकतोय, उठतोय.”

सौंदर्या पुढं झाली. “मला तीन तारखेला आठशे मीटर पळायचंय. असंच ऱ्हायलं तर दुसऱ्या फेरीत पडणार मी. दोन वर्षं घालवल्यात ह्यात.”

“अगं मग पळ की! कोण न्हाई म्हणतंय? दोन तारखेला रविवारी गदा घे, तीनला सोमवारी पळ. तीनला सकाळी चमचाभर मीठ खा, मी सोता देतो. मग झालं?”

“मीठ काय पेट्रोल हाय व्हय, टाकलं की गाडी सुरू?”

“तोंड बघ हिचं. पोलिसात जायच्या आधीच.” दोड्डप्पा समाधानानं हसले. “बरं आयका. रविवारची मोजणी आता बंद, एकदम सत्तावीसला गुरुवारी निवड हाय. त्यात ज्या आठ जणांचा आकडा कमी, त्यास्नी रविवारपतोर हॉलमधी शिबिरात ठेवणार. तिथंच झोपायचं, तिथंच जेवायचं. लोक भाईर जाऊन चोरून खात्यात म्हणं, म्हणून विजयसिंहानं नियम काढलाय. सैपाकावर लक्ष मी ठेवणार. कणभर मीठ आत जाणार न्हाई.”

“आणि मी न्हाई आले तर?”

“पेठेला शब्द दिलाय मी. तुजी कागदं हायत नव्हं तिजोरीत? गदेबरबर देतो.”

कागदं म्हणजे दहावीपासूनची गुणपत्रकं, जातीचा दाखला, हॉल तिकीट, सगळं मूळ. आमच्या घरात कुठलाही कागद हरवू नये म्हणून दुकानाच्या तिजोरीत ठेवतात आणि किल्ली दोड्डप्पांच्या कमरेला असते. ती कागदं नसतील तर मैदानाच्या गेटातनं आत सोडत नाहीत. हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत, हे मला मान्य आहे. ते आनंदानं बोलले. तेच जास्त वाईट होतं.

जिन्यात सौंदर्या एकेक पायरी मोजून चढत होती. मधेच थांबून म्हणाली, “आण्णा, गुरुवारी मला हरायचंय.”

“घाबरू नको. हरायच्या बाबतीत आपल्या घराण्याचा अनुभव दांडगा हाय.”

गणित सोपं होतं. गुरुवारी गेलीच नाही तर कागदं अडकणार; गेली आणि हरली तर दोड्डप्पांचा शब्दही राहणार. शिबिरात अडकली तर मैदानाआधीचे तीन दिवस अळणी, म्हणजे सोमवारी पुन्हा आडवी. शिबिर चुकवायचं तर गुरुवारी तिचा आकडा वर गेला पाहिजे, आणि त्यासाठी तिनं तेच करायचं होतं जे बाईंनी सांगितलं होतं. सगळी पेठ बीपी उतरवायला झटत असताना आम्ही दोघं एकीचा चढवायच्या तयारीला लागलो.

पहाटे मी तिच्याबरोबर मैदानावर जायचो, लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी घेऊन. यात काही शोध नव्हता. आमच्या फौंड्रीत भट्टीवरच्या माणसांना कंपनी तेच देते. दीड हजार डिग्रीच्या लोखंडाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला जे कळतं, ते दुकानातल्या गादीवर बसणाऱ्याला कळत नाही, एवढाच फरक.

जेवणाचा प्रश्न अव्वानं सोडवला. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दोड्डप्पांनी नेहमीप्रमाणं एकाच पातेल्यातली आमटी सगळ्यांच्या वाट्यांत पडताना डोळ्यांनी बघितली आणि समाधान पावले. सौंदर्यानं घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. अव्वानं तिच्या वाटीला आतनं आधीच मीठ लावून ठेवलं होतं. भाजीखाली ताटात, ताकाच्या भांड्याच्या तळाला, सगळीकडं. चूल एक, आमटी एक, कायदा शाबूत. मी आशेनं माझी वाटी चाटून बघितली. कोरडी.

स्वयंपाकघरात जाऊन अव्वाला विचारलं तर म्हणाली, “तुला कुठं पळायचंय?”

चौथ्या दिवशी घरात लपवलेलं मीठ संपलं. आमच्याच दुकानातनं घेणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी रुमाल बांधून तिसऱ्या पेठेत गेलो. पुडा शर्टाच्या आत घालून बाहेर पडतो, तर कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीमागं ओळखीच्या चपला दिसल्या. मग पाय. मग सगळी मंडळी. अळणी चषकाच्या फळ्यावरची, सौंदर्या सोडून, पहिली वीस नावं तिथं पाठमोरी उभी राहून वडे खात होती. तळलेली मिरची मिठात बुडवून. एकानं तर पाव नुसताच मिठाला लावून खाल्ला.

निवृत्त एसटी ड्रायव्हर बाळासो मला बघून दचकले. तोंडात अर्धा वडा.

“शशिधर, तुज्या चुलत्याला सांगू नको रं.”

“मग रविवारी आकडा कमी कसा आला तुमचा?”

“त्याचं काय अवघड हाय? बीपीची गोळी येकाच्या जागी दोन घ्यायची. गुरुवारी तीन घेणार हाय.” त्यांनी माझ्या शर्टाकडं बघितलं. “पोटावर काय हाय?”

“मीठ.”

बाळासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला क्रांतिकारक समजले असावेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या वाढवू नका, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक मिरची घेतली. त्या क्षणी मला पहिल्यांदाच दोड्डप्पांविषयी थोडा आदर वाटला. सगळ्या पेठेत आपणहून, खरोखर अळणी जेवणारा आणि तरीही एकशे सत्तरच्या खाली न येणारा तो एकच माणूस होता. आदर वाटला, आणि वडा संपायच्या आत गेलाही.

सव्वीस तारखेला डॉक्टर स्नेहल यांनी सौंदर्याला तपासलं. एकशे दहा, सत्तर. उभं राहून एकशे सहा. सकाळी ती दोन्ही फेऱ्या न थांबता पळाली होती आणि पळून झाल्यावर मला शिव्या देण्याइतका दम शिल्लक होता. आम्ही खुशीत घरी आलो. आमची चूक एवढीच झाली की बाकीच्यांच्या मूर्खपणाचा अंदाज आम्ही कमी धरला.

गुरुवारी संध्याकाळी हॉल गच्च. पिराजी फेटा बांधून. एकेक जण खुर्चीत बसत होता आणि फळ्यावर आकडे पडत होते. एकशे अठरा. एकशे सोळा. एकशे बारा. बाळासो भिंतीला धरून आले, खुर्चीत घसरले, ब्याण्णव निघाला. टाळ्या. त्यांना दोघांनी खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं. ते हसत होते, पण कुणाकडं बघून ते सांगता येत नव्हतं.

पहिली आलेली म्हणून सौंदर्याचा नंबर शेवटी. तोवर आठव्या जागेवरचा आकडा होता एकशे अठरा. मी फळ्याकडं बघून बोटं मोजली. तिचा एकशे दहा. म्हणजे चौथी. म्हणजे शिबिर. धडधाकट माणसाला त्या हॉलमध्ये हरायची सोयच नव्हती.

“हॉलभोवती एक चक्कर मारून येऊ का पळत?” ती पुटपुटली.

पण नियम होता, मोजायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत शांत बसायचं. ती बसली. दंडाला पट्टा बांधला. आणि ती पाच मिनिटं फुकट जाऊ नयेत म्हणून दोड्डप्पांनी पिराजीच्या हातातला माईक घेतला.

“ही माझी पुतणी,” ते म्हणाले. “हिला पोलिसात जायचं याड हाय. बायकांनी पळून काय हुतंय, मला ठाव न्हाई. पर हिच्या रक्ताला जोरच न्हाई, बघा तुमी! थंडगार रक्त! हेच आमच्या घराण्याचं भूषण!”

टाळ्या. सौंदर्याचे कान लाल झाले.

“दोन वर्षं सकाळची उठून धावतीया. कशाला? नुसता चपलांचा नाश. मी ठरवलंय, गदा घेतली की भरतीबिरती बास. दुकानात बसवणार हिला. गदा मागं टांगायची, फुडं ही. गिऱ्हाईक लांबनं लांबनं बघायला येईल! आन एखादं बरं स्थळ बी…”

मशीननं पट्टा आवळायला सुरुवात केली. मी तिच्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरलो.

“आणि आता आपली विजेती,” पिराजीनं माईक परत घेतला, “सौंदर्या! एकशे…” तो वाकला. “एकशे सव्वीस?”

टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली आले. हलगीवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तो वाजवतच होता.

“परत घ्या!” दोड्डप्पा ओरडले.

परत घेतला. एकशे एकतीस.

“सव्वीसच लावा की मग,” दोड्डप्पा म्हणाले.

“कुठलाबी लावला तरी भाईर हाय ती,” पिराजीनं सांगितलं, तेही माईकवर.

“मशीन बिघडलंय!” दोड्डप्पांनी बाही वर केली आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर. “बघा. बिघडलंयच.”

सौंदर्या खुर्चीतनं सावकाश उठली. क्षणभर उभी राहिली. अंधारी आली नाही. मग तिनं हात पुढं केला.

“हरले, दोड्डप्पा. कागदं द्या.”

भर सभेत त्यांना नाही म्हणता येईना. पण मूळ कागद आमच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. सोमवारी मी स्वतः घेऊन येतो, म्हणाले. गदा कुणालाच मिळाली नाही. शनिवारपर्यंत शिबिरातल्या आठ जणांपैकी बाळासोंसह तिघांना सलाईन लावावं लागलं. तोंडानं नको म्हणणाऱ्यांना मिठाचं पाणी शिरेतनं देण्यात आलं. विजयसिंहांनी तिघांनाही भेटून फळं दिली आणि पुढच्या महिन्यात मधुमेह चषक घ्यायचा विचार बोलून दाखवला.

सोमवारी पहाटे पोलीस मैदानाच्या गेटाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. दोड्डप्पांनी कागदांची पिशवी छातीशी धरली होती, ती गेटापाशी सौंदर्याच्या हातात दिली. तिनं मी आणलेलं लिंबू-मिठाचं पाणी सगळं पिऊन टाकलं, रिकामी बाटली मला दिली आणि आत गेली. घरच्यांना आत सोडत नाहीत. बाहेर फूटपाथवर शंभरेक आईबाप, सगळे भिंतीकडं बघत उभे. आतनं शिट्ट्या ऐकू येत होत्या. शिट्टी झाली की सगळे एकदम श्वास रोखायचे. माझाही अडकत होता, हे लिहायला मला कमीपणा वाटतो.

तिसऱ्या शिट्टीनंतर थोड्या वेळानं गेट उघडलं. दोन महिला पोलिसांनी एका मुलीला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं. निळा टी-शर्ट, सौंदर्यासारखाच. मान खाली, केस तोंडावर.

दोड्डप्पा फूटपाथवर बसले.

“शशा,” ते म्हणाले, “मी मारली रं पोरीला. मी पाडली तिला.”

ती आपली नव्हे, हे मला तिच्या बुटांवरनं आधीच कळलं होतं. सांगायला हवं होतं. पण हे वाक्य ऐकायला मला दोन महिने लागले होते, म्हणून मी जरा थांबलो.

मग सौंदर्या बाहेर आली. आपल्या पायांनी, कमरेवर हात ठेवून, घामानं निथळत.

“दोन मिनिटं छप्पन,” ती म्हणाली. “माझ्या गटात दुसरी.”

दोड्डप्पा उठले. त्यांनी धोतर झटकलं, डोळे पुसले आणि शेजारच्या पालकांकडं वळले. “बघा! ह्या पोरीच्या पोटात दोन महिने मिठाचा कण न्हाई!”

दहा सेकंद. मी मोजले. माणसाला पश्चात्ताप झाल्यापासून तो जिरेपर्यंत दहा सेकंद.

“हाय की,” सौंदर्या म्हणाली. “पंधरा दिवस रोज हाय. दोन्ही वेळच्या आमटीत हाय, ताकात हाय. म्हणूनच पळाले.”

दोड्डप्पा तिच्याकडं वळले. पण उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण भिंतीला टेकून बसवलेल्या त्या निळ्या टी-शर्टवाल्या मुलीचा बाप उठून आला होता. कागल बाजूचा माणूस, टोपी हातात.

“पावणं, आमची बी तसंच करतीया. मोबाईलवर बघून मीठ सोडलंय दीड म्हयना. आत डॉक्टरांनी लिंबू-साखर-मिठाचं पाणी घोट घोट द्या म्हणून सांगितलंय. लिंबू हाय, साखर हाय. मीठ हाय का कुणाकडं?”

फूटपाथवरच्या पिशव्या उघडल्या. केळी निघाली, खजूर निघाले, अंगारे निघाले. मीठ कुणाकडंच नव्हतं.

दोड्डप्पांनी त्या मुलीकडं बघितलं. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. मग कुणाला काही न बोलता ते रस्ता ओलांडून पलीकडच्या मिसळीच्या गाडीकडं निघाले. आधी चालत, मग चक्क पळत. बासष्टाव्या वर्षी, एकशे अठ्ठ्याहत्तरवर. परत आले तेव्हा उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्यांनी स्वतः चिमटीनं पाण्यात मीठ टाकलं, बाटली हलवली आणि तिच्या तोंडाला लावली.

“सावकाश पी. आन उठू नको लगीच.” मग बापाकडं बघून, सवय सुटत नाही म्हणून, “जास्त घालू नका, पर.”

पाच-दहा मिनिटांनी मुलीनं डोळे नीट उघडले आणि किती वाजले विचारलं. तिचा बाप दोड्डप्पांच्या पाया पडायला वाकला. दोड्डप्पांनी त्याला पडू दिलं.

सगळे पांगल्यावर त्यांनी मूठ उघडली. तळव्याला थोडं मीठ चिकटून राहिलं होतं. त्यांनी हळूच इकडं तिकडं बघितलं आणि तळवा तोंडाकडं नेला.

“पुसा ते,” सौंदर्या म्हणाली. “आणि चला दवाखान्यात. तुमची गोळी परत लिहून घेऊ.”

ती पोलीस व्हायला अजून लेखी परीक्षा बाकी होती. तरी दोड्डप्पांनी हात पुसला.